मिठाला वास नसतो

रत्नागिरीत सकाळ कलली की खारे वारे सुटतात. मांडवीच्या बाजूच्या घरांत, 'पांढरा समुद्र' म्हणतात त्या किनाऱ्याकडे उघडणाऱ्या खिडक्यांत एक ओलसर, हिरवट, मधूनच कुजकट वाटणारा वास येतो. पाहुणे त्याला मिठाचा वास म्हणतात. पण मिठाला वास नसतो. ज्या पदार्थाचे रेणू हवेत उडून नाकापर्यंत पोचतात त्याचाच वास येतो, आणि मीठ साध्या तापमानाला असं उडत नाही. वाऱ्याबरोबर येतो तो समुद्रात जगणाऱ्या आणि मरणाऱ्या जीवांचा वास. हे एकदा लक्षात आलं की निळ्या बाटलीतल्या, लाटेचं चित्र असलेल्या, 'ॲक्वा' किंवा 'मरीन' नावाच्या पुरुषांच्या सुगंधांबद्दल दोन प्रश्न पडतात. त्यांत समुद्र किती असतो? आणि तो कुणाला शोभतो?

आधी खऱ्या समुद्राचं बघू. त्याच्या वासातला मोठा वाटा डायमिथाइल सल्फाइड या गंधकयुक्त वायूचा असतो. खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना आणि खडकांवरच्या हिरव्या शेवाळांना पेशीतलं पाणी राखण्यासाठी एक विशिष्ट गंधकयुक्त द्रव्य साठवावं लागतं. पेशी मेली किंवा कुणी खाल्ली की ते द्रव्य बाहेर पडतं, जिवाणू ते फोडतात आणि हा वायू तयार होतो. जगभरच्या समुद्रांतून या वाटेनं दरवर्षी सुमारे २ ते ३ कोटी टन गंधक हवेत जातं. जिवाणू हे काम कोणत्या जनुकाच्या जोरावर करतात, याचा पहिला उलगडा २००७ मध्ये इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या अँड्र्यू जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांनी ते जिवाणू खाजणातल्या चिखलातून मिळवले होते. आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यातल्या या वायूचा अभ्यास दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं गोव्यासमोरच्या समुद्रात केला आहे. पावसाळा सरताना आपल्या किनाऱ्यालगत खालच्या थरातला प्राणवायू फार कमी होतो, आणि अशा पाण्यात हा वायू भरपूर तयार होतो.

माणसाचं नाक या वायूच्या बाबतीत चांगलंच तीक्ष्ण आहे. काही पक्ष्यांचं त्याहून तयार. पेट्रेलसारखे खोल समुद्रावर फिरणारे पक्षी या वासाच्या मागावर आपलं खाद्य शोधतात, हे गॅब्रिएल नेव्हिट यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे आपल्याला जो सुट्टीचा वास वाटतो, तो त्या पक्ष्यांसाठी 'इथे जेवण आहे' असा निरोप असतो.

दुसरा वाटा तपकिरी शेवाळांचा. ओहोटीला मिऱ्याच्या किंवा आरे-वारेच्या खडकांवर उतरलं तर सरगॅसमचे लोंबते झुबके, पडायनाचे पंखे आणि डिक्टिओटाच्या फिती दिसतात. थंडीत त्यांना बहर असतो. या गटातल्या कित्येक शेवाळांच्या मादीपेशी पाण्यात एक सुगंधी तैलद्रव्य सोडतात आणि नरपेशी त्या वासाच्या दिशेनं पोहत येतात. एक्टोकार्पिन आणि डिक्टिओटिन ही त्यातली दोन नावं. समुद्राच्या वासात जी गोडसर, काकडी-कलिंगडाच्या जवळ जाणारी झाक असते, ती बऱ्याच अंशी अशा द्रव्यांची. शेवाळांच्या प्रणयाचा तो गंध आहे, आणि पुढे बाटलीपर्यंत जाणारी वाट इथूनच निघते.

मिरकरवाड्याच्या बंदरावरचा वास मात्र वेगळ्या कुळातला. समुद्रातले मासे अंगातला क्षारांचा तोल सांभाळण्यासाठी एक गंधहीन द्रव्य बाळगतात. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात, आणि तो मासळीचा ओळखीचा उग्र वास. हे द्रव्य अल्कलीच्या स्वभावाचं असल्यानं आम्लाशी जुळून त्याचा न उडणारा क्षार बनतो. मासे साफ केल्यावर हाताला लिंबू चोळायचं, बांगड्याच्या कालवणात कोकमं घालायची, ही आपल्या स्वयंपाकघरातली रीत म्हणजे चोख रसायनशास्त्र आहे. कोळंबीची खास समुद्री चव आणखी तिसऱ्याच द्रव्यांची, ब्रोमिनयुक्त फिनॉलांची. एवढं सगळं एका वाऱ्याच्या झुळकीत असतं.

आता बाटलीकडे येऊ. पुरुषांच्या प्रसाधनांत समुद्र आधीपासून होता, पण चित्रापुरता. 'ओल्ड स्पाइस' १९३८ मध्ये पुरुषांसाठी बाजारात आलं. बाटलीवर शिडाचं जहाज आणि आत लवंग-दालचिनीच्या वळणाचा गरम मसाल्याचा वास. आपल्याकडे कित्येक घरांत वडिलांच्या दाढीच्या सामानात ती पांढरी बाटली असायची. त्या जहाजातून मसाले आले, पाणी आलं नाही. पाण्याचा वास देणारं द्रव्यच तेव्हा सुगंधकारांच्या हाती नव्हतं.

ते हाती लागलं १९६६ मध्ये, आणि तेही एका औषध कंपनीत. कोविडच्या लशीमुळे आपल्याकडे सर्वांना ठाऊक झालेल्या फायझरच्या प्रयोगशाळेत एक संयुग तयार झालं. त्याला कलिंगडाचा, ओल्या खडकाचा, कालवं उघडल्यावर येतो तसा वास होता. फ्रान्समधल्या ग्रास या सुगंधनगरीतली कॅमिली, अल्बेर आणि लालू ही पेढी तेव्हा फायझरच्या ताब्यात होती. तिच्या आद्याक्षरांवरून त्या संयुगाला 'कॅलोन' नाव मिळालं. या रेणूत सात अणूंचं एक कडं आहे, आणि वर सांगितलेल्या एक्टोकार्पिनच्या रेणूतही सात अणूंचंच कडं आहे. शेवाळांनी कोट्यवधी वर्षांपूर्वी सिद्ध केलेल्या गंधाच्या इतक्या जवळ माणूस दुसऱ्याच शोधात असताना येऊन पोचला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तरी पुढची वीसेक वर्षं कॅलोनला मोठं काम मिळालं नाही. त्याचा जोर फार. थोडं जास्त झालं तरी सगळ्या मिश्रणावर बसतं, आणि मग त्यातली कालवांची बाजू वर येते. १९८८ मध्ये आरामिस कंपनीनं 'न्यू वेस्ट'मध्ये ते धीटपणे वापरलं. त्याच वर्षी पिएर बूर्दों या सुगंधकारानं डेव्हिडॉफसाठी 'कूल वॉटर' रचलं आणि पुरुषांच्या सुगंधांची दिशा पालटली. १९९२ मध्ये जपानी वेशभूषाकार इस्सी मियाके यांच्या नावानं स्त्रियांसाठी पाण्याचाच सुगंध आला, १९९४ मध्ये त्याची पुरुषांची आवृत्ती. १९९६ मध्ये अल्बेर्तो मोरिय्यास यांचं 'आक्वा दी जिओ' आलं. इटलीच्या दक्षिणेला पँतेलेरिया नावाचं बेट आहे, तिथल्या समुद्राची आठवण त्यामागे होती. आज बाजारात मिळणाऱ्या निळ्या बाटल्या बहुतेक या दहा वर्षांच्या वारसदार आहेत.

पण 'कूल वॉटर'चा कणा कॅलोन नाही, डायहायड्रोमिर्सेनॉल आहे. हे द्रव्य पाइन वृक्षांच्या राळेतून निघणाऱ्या टर्पेंटाइनपासून बनवतात, म्हणजे या सुगंधातला 'समुद्र' बराचसा डोंगरातून येतो. वास लिंबाच्या सालीसारखा, थंड, किंचित धातूसारखा. १९८२ च्या 'द्राकार नुआर'मध्ये ते आधीच भरपूर वापरलं गेलं होतं. शिवाय ते स्वस्त आणि क्षारांत टिकणारं, त्यामुळे साबण आणि कपड्यांच्या पावडरींतही सर्रास वापरतात. म्हणून हा सुगंध हुंगला की धुतलेल्या शर्टाची आठवण येते. माझ्या मते अशा सुगंधांच्या यशाचं खरं कारण इथे आहे. समुद्राचं नाव घेऊन ते स्वच्छतेचा वास देतात. मिऱ्याच्या खडकावरचं गंधक, मेलेलं प्लवक, वाळणारी सुकट यातलं त्यांत काहीच नसतं. जिवंतपणा आणि कुजणं दोन्ही गाळून उरलेलं थंड पाणी, तेवढंच.

अशा सुगंधांच्या तळाशी बऱ्याचदा एक खरा समुद्री धागा असतो, त्याचं नाव अंबर. स्पर्म व्हेल हा देवमासा माकुळांवर जगतो. माकुळांच्या टणक चोची न पचता आतड्यात साठल्या की त्यांभोवती एक मेणचट गोळा तयार होतो, आणि बाहेर पडल्यावर वर्षानुवर्षं उन्हापाण्यात तरंगून त्याला गोडसर, खारट, कातड्यासारखा गंध येतो. वर्तमानपत्रं त्याला 'व्हेलची उलटी' म्हणतात. पण तो बनतो आतड्यात, आणि उलटीवाटेच बाहेर पडतो असं मानायला आधार कमी आहे. कोकणपट्टीत त्याच्या तस्करीच्या बातम्या येत असतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे स्पर्म व्हेल संरक्षित आहे आणि अंबर बाळगणं वा विकणं गुन्हा आहे. बाटलीत असतं ते मानवनिर्मित अँब्रॉक्साइड, सॅल्व्हिया जातीच्या एका वनस्पतीतल्या द्रव्यापासून किंवा उसाची साखर आंबवून केलेलं. रत्नागिरीतल्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राच्या संग्रहालयात देवमाशाचा अजस्र सांगाडा आहे. तो पाहिल्यावर एवढ्या थोर जनावरावाचून सुगंधाचं काम भागतंय याचं समाधान वाटतं.

आता दुसरा प्रश्न, कुणाला शोभतो. जाहिरातीचं उत्तर ठरलेलं असतं: साहसी, मुक्त, मोकळ्या समुद्रावरचा उघड्या अंगाचा तरुण. मला ते पटत नाही. सुगंध माणसाचा स्वभाव उघड करतो याला फारसा आधार नाही. पण सुगंधामुळे माणूस वागतो वेगळा, याला आहे. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रयोगात काही तरुणांना सुवासिक, जिवाणूरोधक डिओडरंट दिलं आणि काहींना त्यासारखाच दिसणारा बिनवासाचा फवारा. पहिल्या गटाचा आत्मविश्वास वाढला. त्यांच्या आवाज बंद केलेल्या चित्रफिती स्त्रियांना दाखवल्या, तेव्हा त्यांना हेच तरुण अधिक आकर्षक वाटले. स्त्रियांपर्यंत वास पोचलाच नव्हता, आणि स्थिर छायाचित्रांत असा फरक दिसला नाही. पोचली होती ती हालचालीतली, बसण्या-बघण्यातली सहजता. २०१२ मध्ये प्राग इथल्या संशोधकांना असंही आढळलं, की स्वतः निवडलेला सुगंध आणि अंगाचा मूळ वास यांचं मिश्रण, दुसऱ्यानं ठरवून दिलेल्या सुगंधाच्या मिश्रणापेक्षा हुंगणाऱ्यांना जास्त आवडतं. आपल्या त्वचेशी काय जुळतं ते आपल्याला नकळत कळत असावं. भेट मिळालेली भारी बाटली कपाटात पडून राहते आणि स्वतः हुंगून आणलेली साधी बाटली संपते, ते बहुधा उगाच नाही.

तेव्हा शोभणं म्हणजे तो सुगंध लावून माणूस सुटसुटीत होणं, असं मी धरते. या कसोटीवर पाण्याचा सुगंध शोभतो तो दिवसभर लोकांच्या जवळ बसून काम करणाऱ्याला. वर्गातल्या शिक्षकाला, बँकेच्या काउंटरमागच्या माणसाला, रोज एसटीनं लांजा किंवा संगमेश्वर गाठणाऱ्याला. ज्याला आपली छाप पडावी याची घाई नाही, पण शेजारच्याला आपला त्रास होऊ नये याची काळजी आहे, अशा माणसाला. थोडं बोलणारा, नीट इस्त्री केलेला, वेळेवर येणारा. असा माणूस खोलीतून गेल्यावर त्याचा सुगंध मागे रेंगाळावा अशी त्याची इच्छाच नसते. वयाचा इथे संबंध नाही. विशीतल्या मुलाइतकाच तो साठीतल्या गृहस्थालाही खुलतो. आणि 'पुरुषांचा' ही बाटलीवरची अक्षरं फक्त बाजाराची सोय आहेत, कॅलोनला स्त्री-पुरुष कळत नाही.

न शोभण्याचेही प्रसंग आहेत. संध्याकाळच्या लग्नात, जिथे मोगऱ्याचे गजरे, केवडा आणि उदबत्तीचा धूर एकत्र आलेला असतो, तिथे हा थंड वास बिचारा वाटतो. ज्याची ओढ मुळात ऊबदार गंधांकडे आहे त्यानं चंदनाच्या वाटेनं जावं. शुक्रवारच्या नमाजाला जाताना कानात अत्तराचा फाया ठेवण्याची रीत आहे, तिच्यामागे चांगली समज आहे. तेलातलं अत्तर अंगालगत राहतं, हळू उडतं, आणि जवळ आलेल्यालाच कळतं. कनौजच्या मातीच्या अत्तरात तर पहिल्या पावसाचा वास चंदनाच्या तेलात उतरवलेला असतो. पाणी हवं पण समुद्र नको, अशा माणसासाठी ते आहे.

रत्नागिरीच्या हवेचा हिशेब मात्र वेगळाच मांडावा लागतो. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेल्या दिवसांतही हवा ओली असते. घाम सुकत नाही. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो, पण काखेतले जिवाणू सावकाश त्याच्यावर काम करतात आणि मग तो वास येतो. उष्ण, दमट हवेत सुगंधाचे रेणू भराभर उडतात, त्यामुळे उद, कस्तुरी, व्हॅनिला असे जड गंध मे महिन्यात इथे अंगावर येतात. पाण्याचे हलके सुगंध या हवेत सुसह्य राहतात, तेवढ्यापुरती त्यांची निवड इथे रास्त आहे. आणि पावसाळ्याचे चार महिने? दोरीवर दोन-दोन दिवस न वाळलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो, त्याचं मुख्य कारण मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. अशा दिवसांत धुतल्या-वाळवल्या कपड्याचा भास देणारा सुगंध कोकणातल्या माणसाला का हवासा वाटतो, हे सांगायला नको. पण कुबट शर्टावर तो मारला तर दोन्ही वास एकत्र येऊन तिसराच उभा राहतो. आधी कपडा उन्हात किंवा इस्त्रीखाली पुरता वाळला पाहिजे.

हे सुगंध सौम्य असतात असं समजून चार-पाच फवारे मारणारे पुष्कळ भेटतात. वरची लिंबाची झुळूक पंधरा-वीस मिनिटांत उडते आणि लावणाऱ्याला वाटतं, संपला. कॅलोन मात्र तासन्‌तास टिकतं. आपलं नाक त्याला सरावतं, बंद खोलीतल्या शेजाऱ्याचं सरावत नाही. दम्याच्या किंवा अर्धशिशीच्या माणसाला असा तीव्र वास त्रासदायक ठरू शकतो, म्हणून दवाखान्यात काम करणाऱ्यानं एखादा फवारा पुरेसा मानावा, किंवा लावूच नये. घामेजल्या अंगावर न मारता अंघोळीनंतर कोरड्या त्वचेवर मारावा. मानेवर मारून लगेच उन्हात जाणं टाळलेलं बरं. बर्गमॉटसारख्या लिंबूवर्गीय तेलांत असलेल्या एका द्रव्यामुळे उन्हात त्वचेवर काळे डाग पडू शकतात. चांगल्या कंपन्या ते काढून टाकतात, पण स्वस्त नकलांची खात्री नाही. आणि बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. उन्हानं आणि हवेनं लिंबाचे घटक बदलतात, वास आंबतो, त्वचेला खाज येण्याची शक्यताही वाढते.

निवडताना निळ्या रंगाला भुलू नये, हेही सांगायला हवं. रंग नाकाला फसवतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून दिला, तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्या नाकांची ही गत, तर दुकानात घाईनं हुंगणाऱ्या आपली काय. मनगटावर एक फवारा घेऊन बाहेर पडावं, तास-दोन तास कामं उरकावीत आणि मग पुन्हा हुंगावं. जे उरलं असेल तेच दिवसभर सोबत राहणार आहे.

युरोपातले काही सुगंधकार आता ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या तपकिरी शेवाळाचा अर्क वापरतात; त्यांच्या बाटल्यांत आयोडिनसारखी, ओहोटीच्या खडकाची आठवण देणारी कडवट छटा येते. तसा कोकणचा समुद्र अजून कुणी बाटलीत भरलेला माझ्या पाहण्यात नाही. साहित्य इथे सगळं आहे. थंडीत खडकांवर बहरलेलं सरगॅसम, किनाऱ्यावरच्या उंडीची गोड वासाची पांढरी फुलं, जानेवारीतला आंब्याचा मोहर, आणि फेब्रुवारीपासून फुलणारी, वेंगुर्ल्याकडे आरवलीच्या बाजूला पहाटे अंधारात उतरवली जाणारी सुरंगी. सुरंगीच्या सुकवलेल्या कळ्यांना सुगंधाच्या व्यापारात मागणी असते, त्या बाहेर जातात. शेवाळ ओळखणारी माणसं रत्नागिरीच्या शिरगावात मत्स्य महाविद्यालयात आहेत, आणि सुगंधाचे रेणू मोजणारी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. तिथे हापूसच्या वासातले घटक एकेक करून तपासले गेले आहेत. त्या सुगंधात थोडं गंधक राहू द्यावं, अगदी नखभर. तो कुणाला शोभेल हे सांगणं सोपं आहे. शेवाळानं निसरड्या झालेल्या खडकावरून लहानपणी कधी तरी घसरलेल्या माणसाला.